पार्श्वभूमी : सात दिवसांत दुसऱ्या रग्बीत गेलेला डॅली मेसेंजर

ऑस्ट्रेलियाकडून रग्बी युनियन आणि रग्बी लीग हे दोन्ही खेळ खेळलेल्यांच्या यादीत अगदी सुरुवातीला हर्बर्ट हेन्री ‘डॅली’ मेसेंजरचे नाव येते. पण हे दोन खेळ वेगळे झाले कसे, ते आधी पाहायला हवे.

ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले. त्यांचे बरेच खेळाडू खाणीत आणि गिरणीत राबणारे. शनिवारी सामन्याला गेले की कामाचा खाडा पडे आणि मजुरी बुडे. तिची भरपाई देणे रग्बीच्या मूळ संघटनेच्या, म्हणजे युनियनच्या, हौशी नियमांत बसत नव्हते. म्हणून या क्लबांनी वेगळी नॉर्दर्न युनियन काढली. पुढे तिने खेळाचे नियम बदलले, १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. हीच आजची रग्बी लीग; मूळचा पंधरा जणांचा खेळ तो रग्बी युनियन. फुटीमागे पैशाची हाव होती, असे म्हणणे मला त्या मजुरांवर अन्याय करणारे वाटते.

सिडनीतही हेच दुखणे होते. अॅलेक बर्डन हा रग्बीपटू खेळताना जायबंदी झाला, त्याला भरपाई मिळाली नाही, आणि आधीच धुमसत असलेली नाराजी वाढली. ८ ऑगस्ट १९०७ रोजी तिथे नव्या लीगची स्थापना झाली. जेम्स गिल्टिनन आणि हेन्री हॉइल यांच्यासोबत त्यात पुढाकार होता व्हिक्टर ट्रंपरचा. होय, ऑस्ट्रेलियाचा नामांकित फलंदाज, क्रिकेटमधला तोच ट्रंपर.

लीगला मैदान भरवणारा खेळाडू हवा होता. तो म्हणजे मेसेंजर. १८८३ मध्ये सिडनीतल्या बाल्मेनला जन्मलेला, डबल बे इथल्या वडिलांच्या बोटींच्या कारखान्यात वाढलेला. लहानपणी पोट सुटलेले होते, म्हणून तशाच पोटाच्या विल्यम बीड डॅली या पुढाऱ्यावरून लोक त्याला ‘डॅली’ म्हणू लागले. १० ऑगस्टला तो न्यूझीलंडविरुद्ध युनियनची कसोटी खेळला. ती ५-५ अशी बरोबरीत सुटली. १७ ऑगस्टला अल्बर्ट बास्करव्हिलच्या व्यावसायिक न्यूझीलंड संघाविरुद्ध तो पैसे घेऊन उतरला. युनियनचे दार त्याला कायमचे बंद झाले. त्याचा खेळ पाहून बास्करव्हिलने त्याला आपल्याच संघातून ब्रिटनला नेले. त्या संघातला तो एकटा ऑस्ट्रेलियन.

मे १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या लीग कसोटीत तो खेळला; कर्णधार होता आर्थर हेनेसी. त्याच महिन्यात बास्करव्हिल ब्रिस्बेनला न्यूमोनियाने गेला. वय अवघे २५.

१९११ च्या मोसमात मेसेंजरने २७० गुण केले. ईस्टर्न सबर्ब्ज या त्याच्या क्लबला १९११ ते १९१३ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे मिळाली आणि तो निवृत्त झाला. १९५९ मध्ये गनेडाला त्याचे निधन झाले. लीगमधल्या मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला १९८० पासून ‘डॅली एम’ पदक दिले जाते. युनियनने मात्र त्याच्या नोंदी आपल्या दप्तरातून पुसल्या होत्या. त्या परत लिहिल्या गेल्या २००७ मध्ये, शंभर वर्षांनी.