जुन्या तिजोरीला जुनीच किल्ली लागते

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी रंगकाम निघते, माळ्यावरचे सामान खाली उतरते आणि वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या वस्तू एक तर भंगारवाल्याकडे जातात किंवा कुणा भाच्या-पुतण्याच्या हाती पडतात. डिचोलीतील माझ्या मावसभावाच्या घरी यंदा अशी वस्तू म्हणजे त्याचा दहा वर्षे वापरलेला संगणक होता. दुकानाचे हिशेब, बँक, वीजबिल आणि कर अशा सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याने किपास या पासवर्ड मॅनेजरमध्ये नीट ठेवले होते. अलीकडे तो दुसऱ्या मॅनेजरकडे वळला होता. जुन्या संगणकात केडीबीएक्स प्रकारच्या, म्हणजे किपासच्या तिजोरीच्या फाइली शोधल्या, तेव्हा ‘तिजोरी’, ‘तिजोरी-जुनी’, ‘तिजोरी-प्रत-२’ अशा एकूण सात निघाल्या. ‘‘दादा, नवीन ॲप नीट चालतंय, मग या सगळ्या एकदम पुसून टाकूया ना?’’ असे त्याने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला अख्खी दुपार लागली, आणि ते अनेकांच्या उपयोगाचे आहे असे मला वाटते.

पासवर्ड मॅनेजरची तिजोरी म्हणजे कूटबद्ध केलेली, किल्लीशिवाय वाचता न येणारी एक फाइल असते आणि तिची किल्ली मास्टर पासवर्डपासून, म्हणजे तिजोरी उघडण्याच्या मुख्य पासवर्डपासून, गणिताने तयार होते. आपण मास्टर पासवर्ड बदलतो तेव्हा फक्त समोर उघडलेली फाइल नव्या किल्लीने पुन्हा बंद होते. तिच्या आधी काढलेल्या प्रतींना या बदलाचा पत्ताही नसतो. २०१४ सालची प्रत २०१४ सालच्याच पासवर्डने उघडते आणि ती जिथे कुठे असेल तिथे कायम तशीच उघडत राहील. माझ्या भावाचा त्या काळचा मास्टर पासवर्ड कुलदेवतेचे नाव आणि त्यापुढे लग्नाचे वर्ष असा होता. हा पासवर्ड किती टिकेल याचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडील कुलदेवतांची ६० नावे आणि १०० वर्षे धरली तर ६,००० जोड्या होतात. प्रत्येक नावाची दहा स्पेलिंगे धरली तरी आकडा ६०,००० च्या पुढे जात नाही, आणि एका प्रयत्नाला पूर्ण एक सेकंद लागला तरी एकच संगणक १७ तासांच्या आत सगळ्या शक्यता तपासून मोकळा होतो. बँकेचे संकेतस्थळ काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद करते, पण हातात आलेल्या फाइलवर कितीही वेळा प्रयत्न केला तरी अडवणारे कुणी नसते. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेल्या पाच शब्दांचा पासवर्ड असेल, तर त्याच वेगाने चालणारे दहा लाख संगणक एकत्र लावले तरी सर्व शक्यता संपवायला सुमारे ९ लाख वर्षे लागतील.

एका प्रयत्नाला किती वेळ लागावा, हेही फाइलीच्या वयावर अवलंबून असते. पासवर्डपासून किल्ली करताना तेच गणित मुद्दाम हजारो वेळा फिरवतात, म्हणजे खऱ्या मालकाला क्षणभर थांबावे लागते आणि चोराचा मात्र प्रत्येक प्रयत्न महाग पडतो. अशी किल्ली करण्याच्या पीबीकेडीएफ२ या पद्धतीसाठी २००० साली किमान १,००० फेऱ्यांची शिफारस होती, तर २०२३ साली सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने तिच्या एका प्रचलित रूपासाठी ६,००,००० फेऱ्या सुचवल्या. पुढे, चोराला केवळ वेगवान चिपांचा फायदा मिळू नये म्हणून भरपूर मेमरी लागणारी आर्गॉन२ ही पद्धत आली. २०१५ साली तिने याच विषयावरील खुली स्पर्धा जिंकली आणि २०१७ साली किपासच्या नव्या फाइल-रचनेत तिला स्थान मिळाले. जुनी फाइल मात्र आपल्या काळच्याच फेऱ्या घेऊन बसलेली असते. २०२२ साली लास्टपास या पासवर्ड मॅनेजर सेवेतून ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांच्या खात्यांवर फेऱ्यांची संख्या पूर्वीपासून कमीच राहिली होती त्यांची स्थिती सर्वांत नाजूक ठरली.

म्हणून माझ्या मते फाइल पुसणे हे दुसरे काम आहे, आणि त्या फाइलमध्ये असलेले व आजही चालू असलेले पासवर्ड बदलणे हे पहिले. आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड नव्याने मागवण्याची वाट तिथूनच जाते, आणि त्यानंतर बँक घ्यावी.

पुसण्याची घाईही करू नये. नवीन मॅनेजर दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, मास्टर पासवर्ड स्वतः टाइप करून, उघडून पाहावा. जुन्या तिजोरीला जोडलेली कागदपत्रे सीएसव्ही फाइलीतून, म्हणजे मॅनेजर बदलताना काढतात त्या साध्या मजकुराच्या यादीतून, नव्या ठिकाणी येत नाहीत, ती वेगळी न्यावी लागतात. किपाससोबत काहीजण किल्लीची एक स्वतंत्र छोटी फाइल वापरतात. ती निरुपयोगी दिसते म्हणून कुणी पुसली आणि चालू तिजोरी तिच्यावरच अवलंबून असली, तर ती तिजोरी कोणालाही उघडता येणार नाही. भावाच्या सात फाइलींपैकी एका प्रतीत त्याच्या ईमेलचे आपत्कालीन कोड सापडले, जे इतर कुठेही नव्हते. ते आधी हलवले.

खरा धोका डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून होता. मॅनेजर बदलताना काढलेली सीएसव्ही फाइल तिथे तशीच होती. नोटपॅडमध्ये उघडताच एका ओळीत संकेतस्थळ, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड, मध्ये फक्त स्वल्पविराम, आणि अशा दोनशेहून अधिक ओळी दिसल्या. या फाइलीला कुलूपच नसते, त्यामुळे आवराआवरीत तिचा नंबर सर्वांत आधी लागावा. डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचा फोल्डरही निघाला. फायरफॉक्स ‘रिफ्रेश’ केल्यावर, म्हणजे ब्राउझर मूळ स्थितीत आणल्यावर, तो आपोआप तयार होतो आणि त्यात साठवलेले पासवर्ड व ते उघडणारी किल्ली, दोन्हींच्या फाइली शेजारी शेजारी असतात. वेगळा मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर एवढ्यावरून सगळे वाचता येते.

आता प्रत्यक्ष पुसण्याकडे येऊ. फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जाते, आणि बिन रिकामी केली तरी संगणक फक्त एवढीच नोंद करतो की ती जागा आता मोकळी आहे. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जिथल्या तिथे असतो. २००३ साली सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी वापरलेल्या हार्ड डिस्कांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकत घेतलेल्या १५८ डिस्कांपैकी १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर याचा उपाय सरळ आहे, मोकळ्या जागेवर पुन्हा लिहायचे. विंडोजमधील सायफर ही आज्ञा हेच तीनदा करते, आधी शून्ये, मग एक, मग यादृच्छिक अंक. पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या निबंधामुळे ३५ वेळा लिहावे लागते असा समज पसरला, पण तो निबंध त्या काळातील अनेक प्रकारच्या डिस्कांसाठी होता आणि आजच्या डिस्कांना इतकी गरज नसल्याचे त्यांनीच नंतर स्पष्ट केले.

एसएसडीचे, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपांवर साठवणाऱ्या डिस्कचे, तसे नाही. तिच्या पेशींवर जागच्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. नवा मजकूर दुसऱ्याच पानावर जातो, जुने पान ‘शिळे’ म्हणून बाजूला पडते आणि नंतर कधीतरी गठ्ठ्याने पुसले जाते. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ही हलवाहलव डिस्क स्वतःच करते आणि आपल्याला ती दिसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली एकेक फाइल वर लिहून पुसण्याच्या पद्धती एसएसडीवर तपासल्या, तेव्हा फाइलींतील ४ ते ७५ टक्के मजकूर मागे उरला होता. त्यामुळे तिथे एकेक फाइल घासत बसण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून संपूर्ण डिस्कच कूटबद्ध ठेवणे चांगले, कारण मग डिस्कची किल्ली नष्ट केली की उरलेली शिळी पानेही वाचता येत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१४ सालच्या मार्गदर्शिकेत ही पद्धत मान्य केली आहे. वापरात असलेल्या संगणकावर बिटलॉकर ही विंडोजची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय उशिरा चालू करत असाल तर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय घेऊ नका, संपूर्ण डिस्क निवडा.

भावाच्या संगणकात जुनी फिरती डिस्क होती, ती रात्रभर पुसायला लावली. मग इंटरनेटवरच्या ड्राइव्हवरील प्रत, तिथल्या कचरापेटीतील प्रत आणि बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कवरील दोन प्रती काढल्या. एक पेन ड्राइव्ह मात्र तीन वर्षांपूर्वी म्हापशाच्या हिशेबनिसांकडे गेला होता आणि त्यांच्याकडून पुढे तो कुठे गेला हे त्यांनाही आठवत नव्हते. त्यावरच्या प्रतीत बेचाळीस खाती होती. त्यांपैकी एकोणीस अजून चालू होती, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी आम्ही त्या एकोणीस खात्यांचे पासवर्ड बदलले.