पुरेसे कर्मचारी म्हणजे किती? अमेरिकेतील शुश्रूषागृहांच्या मोजमापाची पार्श्वभूमी

1965 साली मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविमा योजना आल्या आणि अमेरिकेतील वृद्धांच्या शुश्रूषागृहांना सरकारी पैसा मिळू लागला. तपासणीही आली, पण तिचा भर इमारत, अग्निसुरक्षा आणि कागदपत्रांवर. रहिवाशाचं प्रत्यक्षात काय होतंय ते तपासा, असं 1986 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञ सल्लागार संस्थेच्या अहवालाने बजावलं. त्यातून 1987 चा सुधारणा कायदा झाला. प्रत्येक रहिवाशाचं ठरावीक नमुन्यात मूल्यमापन, मदतनिसांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण आणि आठवड्याचे सातही दिवस रोज सलग 8 तास नोंदणीकृत नर्स, हे बंधनकारक झालं. बाकी कर्मचारी मात्र 'पुरेसे' असावेत, एवढंच म्हटलं गेलं.

2001 मध्ये सरकारी अभ्यासाने आकडा दिला: दर रहिवाशामागे नर्स आणि मदतनिसांचे मिळून रोज 4.1 तास, त्यांतले 2.8 मदतनिसांचे. म्हणजे 100 रहिवाशांसाठी मदतनिसांच्या आठ तासांच्या 35 पाळ्या, रोज. ही चैन नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एका मदतनिसाकडे असे वीस जण असतील आणि कूस बदलणं, पुसणं, कपडे बदलणं यांत प्रत्येकी दहा मिनिटं गेली, तर एक फेरी व्हायला तीन तासांहून जास्त लागतात. पाठीवरच्या जखमा बहुधा इथूनच सुरू होतात.

2008 मध्ये शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देणारं सरकारी मानांकन आलं. पण त्यातली कर्मचारीसंख्या वार्षिक तपासणीच्या सुमारास संस्थेनेच भरून दिलेली, तीही दोन आठवड्यांचीच. तेवढे दिवस जादा माणसं बोलावली की भागायचं. 2016 पासून पगारपत्रकांवरून रोजचे तास कळवणं सक्तीचं झालं, तेव्हा नर्सविना गेलेले दिवस आणि शनिवार-रविवारची खोट उघडी पडली. या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच. 2022 पासून शनिवार-रविवारचे तास आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाणही मानांकनात धरतात.

2024 मध्ये दर रहिवाशामागे रोज 3.48 तासांची किमान अट जाहीर झाली. एप्रिल 2025 मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि जुलैच्या कायद्याने तिची अंमलबजावणी 2034 पर्यंत रोखली. त्यामुळे संस्था निवडताना तारे मोजून थांबू नये. शनिवार-रविवारचे तास वेगळे पाहावेत. नर्सच्या तासांत कार्यालयीन काम करणाऱ्या नर्सही धरलेल्या असतात, म्हणून रात्री खाटेपाशी नेमकं कोण असतं ते स्पष्ट विचारावं.