सव्वापट कॅप

भट्टीत जाताना दाताची झिरकोनियाची, म्हणजे एका कडक पांढऱ्या सिरॅमिकची, कॅप दाताएवढी नसतेच. ती सव्वापट मोठी असते. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही बाजूंनी सव्वापट, म्हणजे आकारमानात जवळपास दुप्पट. सकाळी भट्टीचं दार उघडलं की ट्रेमध्ये तीच कॅप आक्रसून, घट्ट होऊन दाताच्या मापाला आलेली दिसते. आणि मधल्या आठ-दहा तासांत तिथे काहीही वितळलेलं नसतं.

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या डेंटल लॅबमध्ये हे आता रोजचं काम आहे. उदगीर, गंगाखेड, अंबाजोगाईच्या दवाखान्यांतून मापं येतात. कुणाचं एसटीच्या पार्सलने, कुणाची थेट स्कॅनची फाइल. सोबतच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एक ओळ असते : पेशंटच्या घरी लग्न आहे, अर्जंट. लग्नसराईत तर ही ओळ नसली तरच नवल. पण घाई कुठे चालते आणि कुठे नाही, हे ती भट्टी ठरवते.

सुरुवात होते एका पांढऱ्या चकतीपासून. व्यास ९८ मिलिमीटर, जाडी कॅपच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त. झिरकोनियाची अतिबारीक पावडर प्रचंड दाबाने घट्ट बसवून कंपनीने ती अर्धवट भाजलेली असते. या अवस्थेत ती खडूइतकी मऊ असते. मिलिंग मशीनचं टोक ती सहज कोरतं आणि कातलेली कॅप चकतीतून सोडवताना टेक्निशियनच्या काळ्या हातमोज्यांवर पांढरी धूळ साचते. कॅपची हिरडीलगतची कडा, म्हणजे मार्जिन, इतकी नाजूक असते की नख लागलं तरी टवका उडतो. पूर्ण भाजलेल्या झिरकोनियाचं वजन घनसेंटिमीटरला सहा ग्रॅमच्या किंचित वर भरतं. या चकतीचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे जवळजवळ अर्धी चकती पोकळीच आहे. ती पोकळी काढून टाकणं, याला सिंटरिंग म्हणतात.

त्यासाठी साधारण १४५० ते १५५० अंश सेल्सिअस लागतात. जालन्याच्या सळई कारखान्यांत भंगार वितळतं ते याच पट्ट्यात. शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. झिरकोनिया मात्र तेवढ्या तापमानात ढिम्म घनच राहतो, त्याचा वितळणबिंदू २७०० अंशांच्या वर आहे. मग कण एकमेकांना चिकटतात कसे?

कणाच्या आत बसलेल्या अणूला चारी बाजूंनी शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या अणूला नसतात. म्हणून पृष्ठभाग बाळगणं पदार्थाला ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतं, आणि पावडर जितकी बारीक तितका हा खर्च मोठा. थंड असताना अणूंना हलता येत नाही, त्यामुळे सगळं जिथल्या तिथे राहतं. १००० अंशांच्या पुढे त्यांना सरकायला जोर मिळतो. जिथे दोन कण टेकलेत तिथे अणू येऊन जमतात, टेकलेल्या जागी मान तयार होते, ती जाड होत जाते, कणांची केंद्रं जवळ येतात आणि मधली भोकं बुजत जातात. कुंभाराच्या आव्यातही याच जातीची क्रिया चालते, फक्त तिथे मातीतला थोडा भाग वितळून काचेसारखा होतो आणि कणांना सांधतो. झिरकोनियात तसं सांधणारं दुसरं काही नाही. कण कणालाच जुळतो.

आकसणं किती होणार, हे प्रत्येक बॅचचं थोडं वेगळं असतं. तो आकडा चकतीवर छापलेला असतो, समजा १.२५. सॉफ्टवेअरमध्ये चुकून १.२२ भरला तर? हिशेब सोपा आहे. आतून १० मिलिमीटर हवी असलेली कॅप ९.७६ ची निघते. पाव मिलिमीटर वाचायला काहीच वाटत नाही, पण तेवढ्याने ती कॅप दातावर बसणारच नाही.

ब्रिजचं, म्हणजे पडलेल्या दाताची जागा भरणाऱ्या जोडकॅपांचं, प्रकरण याहून अवघड. तोंडात ४० मिलिमीटर लांब होणारा ब्रिज ५० चा कातलेला असतो. भट्टीत त्याची दोन टोकं मिळून एक सेंटिमीटर आत सरकतात, आणि शेवटी मार्जिनला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीच फट खपते. हे सरकणं अडायला नको म्हणून ट्रेमध्ये झिरकोनियाचे बारीक मणी पसरलेले असतात. ब्रिज त्यांवर ठेवतात, दाबून रुतवत नाहीत. रुतला तर एक टोक अडकतं, दुसरं ओढलं जातं आणि ब्रिज वाकतो. पूर्ण जबड्याच्या कामात तर मध्ये आडवा आधार कोरून ठेवतात आणि सिंटरिंग झाल्यावरच तो कापतात. मधला पॉन्टिक, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागचा खोटा दात, जाड, कडेच्या कॅपा पातळ, त्यामुळे आतली उष्णता सारखी पोचायला वेळ द्यावा लागतो. चढणही हळू, उतरणही हळू. रंगाच्या द्रावणात बुडवलेलं काम आधी दिव्याखाली पुरतं वाळवावं लागतं, नाहीतर आत राहिलेल्या पाण्याची वाफ तडा पाडते.

भट्टी तापवणारे कांब मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे असतात. खूप तापल्यावर त्यांच्यावर सिलिकाचा पातळ थर चढतो आणि तोच त्यांना जपतो. हा थर बिघडला की त्याचा चुरा आणि वाफ खाली पडतात आणि पांढऱ्या कॅपा पिवळट-हिरवट निघतात. म्हणून अधूनमधून कॅपा न ठेवता रिकामी भट्टी तापवतात. शहाणी लॅब आणखी एक गोष्ट करते. पडद्यावर १५३० दिसतंय म्हणून आत तेवढंच आहे असं ती धरून चालत नाही, कारण तापमान मोजणारा थर्मोकपलही म्हातारा होतो. कामासोबत सिरॅमिकची एक छोटी रिंग ठेवतात. रिंगही आकसते. सकाळी मायक्रोमीटरमध्ये धरून तिचा व्यास मोजायचा, तक्त्यात बघायचं, की रात्री खरंच किती आंच लागली ते कळतं. कमी लागली असेल तर कॅप निर्जीव पांढरी दिसते, तेवढं डोळ्यांनाही समजतं. जास्त लागलेली मात्र डोळ्यांना कळत नाही, आणि घात तिथे आहे.

हे समजायला झिरकोनियाचा स्वभाव पाहावा लागेल. सुमारे ११७० अंशांखाली त्याच्या स्फटिकांची रचना एक असते, मोनोक्लिनिक. त्यावर दुसरी, टेट्रागोनल. २३७० च्या पुढे तिसरी, क्युबिक. शुद्ध झिरकोनिया भाजून थंड केला तर टेट्रागोनलचा मोनोक्लिनिक होताना तो चार-पाच टक्के फुगतो आणि स्वतःच तडकतो. म्हणून त्यात शंभर रेणूंमागे साधारण तीन या प्रमाणात यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचा ऑक्साइड, मिसळतात. मग टेट्रागोनल रचना थंडीतही टिकून राहते, पण कायमची नाही, दबा धरून बसल्यासारखी. चावताना एखादी सूक्ष्म भेग पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक ताणाने रचना बदलतात, फुगतात आणि भेगेलाच दाबून धरतात. जो गुण शुद्ध झिरकोनियाला फोडतो, तोच इथे राखणीला लावलेला आहे. १९७५ मध्ये गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं तेव्हा त्यांनी या पदार्थाला सिरॅमिक पोलाद म्हटलं, पुढे प्रश्नचिन्ह ठेवून.

आता आंच जास्त झाली तर काय होतं? कण वाढतात. नीट भाजलेल्या झिरकोनियात कण साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) आतबाहेर असतात. ते फार मोठे झाले की दबा धरून राहू शकत नाहीत. ताण नसताना, नुसत्या ओलाव्याने हळूहळू रचना बदलू लागतात. तोंडात ओलावा तर चोवीस तास आहे.

भट्टीतला बदल किती महागात पडू शकतो, याचं उदाहरण दातांचं नाही, खुब्याचं आहे. कृत्रिम खुब्यासाठी झिरकोनियाचे गोळे बनवणाऱ्या फ्रान्समधल्या एका उत्पादकाने १९९८ मध्ये नव्या पद्धतीची, सलग चालणारी भट्टी वापरायला घेतली. पावडर जुनीच. २००१ मध्ये त्या गोळ्यांपैकी सुमारे ४०० रुग्णांच्या शरीरात थोड्याच काळात फुटले.

आपल्याकडे वेगळी काळजी असते, विजेची. दोन-तीन किलोवॅट ओढणारी भट्टी साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. मे महिन्यात रात्री लाइट गेली आणि भट्टी ४०० अंशांवर होती, तर फारसं बिघडत नाही. १३०० वर होती तर कॅप अर्धवट आकसलेली राहते. ती पुन्हा भाजून द्यावी की नवी कातावी, यावर लॅबमध्ये वाद होतो. माझ्या मते नवी कातावी. चकतीचा तुकडा जातो, पण पेशंटला परत बोलवावं लागत नाही.

अर्जंटवाल्यांसाठी झटपट सिंटरिंगही आहे, काही भट्ट्यांत अर्ध्या तासात कॅप निघते. ज्या चकतीच्या कंपनीने तशी मुभा दिली आहे, तिच्या सुट्या कॅपला ते चालतं. लांब ब्रिजला ती घाई करू नये.

पेशंटला मिळणाऱ्या वॉरंटी कार्डावर मात्र नुसतं झिरकोनिया लिहिलेलं असतं, आणि तो एकच पदार्थ नाही. तीन टक्के यिट्रियाचा प्रकार १००० मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं एकक) आसपास ताण सोसतो, पण दिसायला थोडा गढूळ. पाच टक्क्यांच्या प्रकारात क्युबिक स्फटिक भरपूर, त्यातून उजेड छान आरपार जातो, म्हणून तो पुढच्या दातांना शोभतो. पण क्युबिक स्फटिक भेग थोपवायला फुगत नाहीत आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. चार किंवा जास्त दातांच्या ब्रिजला आंतरराष्ट्रीय मानक किमान ८०० मेगापास्कल मागतं. दाढांचा लांब ब्रिज असेल तर डॉक्टरांना विचारावं, कोणत्या ग्रेडचा आहे?

आणि कॅप बसवल्यावर चावताना उंच लागली, डॉक्टरांनी ती घासून कमी केली, तर त्या जागेला नीट पॉलिश झालंय ना, हेही विचारावं. कोरड्या बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, घासल्यावर उष्णतेने बारीक भेगा पडू शकतात, म्हणून पाणी चालू ठेवून घासतात. खडबडीत राहिलेला झिरकोनिया चावताना त्यावर टेकणारा दुसऱ्या जबड्यातला दात झिजवतो. गुळगुळीत केलेला फार कमी झिजवतो. पॉलिशला रबराची दोन-तीन टोकं आणि काही मिनिटं लागतात.