मॉंटगोमेरी काउंटीचे संमिश्र वस्ती धोरण

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॉंटगोमेरी काउंटीने (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) १९७० च्या दशकापासून राबवलेले गृहनिर्माण धोरण. सधन उपनगरात कमी कमाईच्या कुटुंबांनाही घर मिळावे, हा त्याचा हेतू. त्याचा बोलबाला झाला तो मात्र शाळांमुळे.

अमेरिकेत मुलाची सरकारी शाळा सहसा घराच्या पत्त्यावरून ठरते. मोठ्या भूखंडांवर फक्त स्वतंत्र घरे बांधू देणाऱ्या उपनगरी नियमांनी गरिबांना, त्यातही कृष्णवर्णीयांना, दूर ठेवले आणि वस्त्यांमधली ही फाळणी वर्गांतही उतरली.

१९७४ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने ५० किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात १५ टक्के घरे परवडणाऱ्या दरात देणे विकासकाला भाग पाडले. मोबदला म्हणून जादा बांधकामाची सवलत मिळाली. पुढे ही अट लहान प्रकल्पांनाही लागू झाली. कायद्यातली सर्वांत कल्पक तरतूद वेगळीच आहे. यातली एक तृतीयांशापर्यंत घरे काउंटीची गृहनिर्माण संस्था विकत घेऊ शकते आणि अत्यंत गरीब कुटुंबांना भाड्याने देते. त्यामुळे सरकारी भाडेकरूंची वेगळी वसाहत उभी न राहता ते इतरांच्याच गल्लीत राहतात. कायदा उत्पन्नाची भाषा बोलतो, वंशाची नाही. पण या भाडेकरूंत कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते.

ही भाड्याची घरे सोडतीसारख्या पद्धतीने मिळत, म्हणजे कोणते कुटुंब कोणत्या वस्तीत जाणार हे योगायोगाने ठरे. त्यामुळे संशोधकांना आयताच प्रयोग हाती लागला. हेदर श्वार्ट्झ यांनी २००१ ते २००७ या काळातील अशा भाडेकरू कुटुंबांतील ८५८ प्राथमिक विद्यार्थ्यांची प्रगती तपासली (अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध). त्याच सुमारास काउंटीने गरीब वस्त्यांतील शाळांना जादा निधी, लहान वर्ग आणि पूर्णवेळ बालवर्ग दिले होते. तरीही सधन वस्तीतील शाळांत गेलेली मुले पुढे गेली. प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत सुस्थितीतील मुलांशी असलेले त्यांचे अंतर गणितात निम्म्याने आणि वाचनात एक तृतीयांशाने घटले. फरक दिसायला मात्र काही वर्षे लागली.

धोरणातली मोठी चूक मुदतीची. किमतीवरील नियंत्रण सुरुवातीला अवघी पाच वर्षे होते, त्यामुळे अनेक घरे खुल्या बाजारात गेली. २००५ पासून ही मुदत विक्रीच्या घरांसाठी ३० आणि भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षे झाली. धोरणाचा आवाकाही मर्यादितच. शाळांमधली दरी मिटली नाही. २०१९ मध्ये शाळांच्या हद्दी तपासायला घेताच पालकसभा तापल्या, आणि त्याच वर्षाअखेर शाळामंडळाने काही हद्दी बदलल्या.