वाळूची पेटी आणि मुलांची भीती

लहान मुलाची चिंता सहसा शब्दांतून बाहेर येत नाही. शाळेच्या वेळेला पोटात दुखणे, रात्री झोप न लागणे, आईला क्षणभरही नजरेआड होऊ न देणे अशा रूपांत ती दिसते, आणि ‘कसली भीती वाटते?’ या प्रश्नावर मूल ‘ठाऊक नाही’ म्हणते तेव्हा ते खरेच सांगत असते. लंडनच्या बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांच्या दवाखान्यात १९२० च्या दशकाअखेरीस मुले छोट्या वस्तू वाळूच्या पेटीत मांडू लागली आणि त्या मांडणीला ‘जग’ म्हणू लागली. त्यांच्याकडे शिकलेल्या स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी पुढे कार्ल युंग यांच्या मानसशास्त्राच्या आधाराने सँडप्ले थेरपी, म्हणजे वाळूतल्या मांडणीतून उपचार करण्याची पद्धत, घडवली.

पेटी साधारण ५७ बाय ७२ सेंटीमीटरची, एका नजरेत मावणारी असते. तळ निळा असल्यामुळे वाळू सारली की पाणी दिसते. शेजारच्या फळीवर माणसे, जनावरे, घरे, पूल, राक्षस असतात. गोव्यातल्या मुलासाठी तिथे माड, होडी, फेरीबोट, तुळशीवृंदावन आणि नरकासुरही असावा, असे मला मनापासून वाटते. दिवाळीत वाड्यावर ज्याचा अक्राळविक्राळ पुतळा पाहून पोर आईमागे लपते, तो बोटभर झाला की त्याला वाळूत पुरता येते आणि हवा तेव्हा बाहेरही काढता येते.

काय मांडायचे हे मूलच ठरवते. थेरपिस्ट जवळ बसून लक्षपूर्वक पाहतात, अर्थ लावून सांगत नाहीत, सुधारणा सुचवत नाहीत. मूल गेल्यावर मांडणीचे छायाचित्र घेतात आणि अनेक सत्रांची छायाचित्रे जोडून बदल तपासतात. मिरामारच्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावरचा खेळ मुलाला आनंद देतो, पण तिथे पेटीच्या चार कडा नसतात आणि असे पाहणारे प्रशिक्षित माणूसही नसते.

या थेरपीने चिंता कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, मात्र त्यांतले बरेच अभ्यास थोड्याच मुलांवर झालेले आहेत. अधिक भक्कम पुरावा कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीच्या बाजूने आहे, ज्यात मूल भीतीला पायरीपायरीने सामोरे जाते. त्यामुळे मुलाचे शाळेत जाणे बंद झाले असेल, खाणे किंवा झोप बिघडली असेल, तर आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा बालमानसतज्ज्ञांकडे तपासणी करून घ्यावी आणि वाळूच्या पेटीचा विचार त्यांच्या सल्ल्याने करावा. सत्रानंतर घरी येताना ‘आज काय मांडलेस?’ असे पालकांनी विचारू नये. मूल आपणहून जेवढे सांगेल तेवढे ऐकावे.