पाना कुणाचाही, सही कुणाची?

अमेरिकेत कुणीतरी घरच्या गॅरेजमध्ये बांधलेले विमान तुम्ही विकत घेतलेत, तर त्याचे इंजिन उतरवा, पंखाचा पत्रा बदला, इंधनाची नळी हवी तिकडून फिरवा. मेकॅनिकचे लायसन्स कुणी मागत नाही. वर्षातून एकदा मात्र लॉगबुकात एक ओळ लिहून खाली सही करावी लागते, आणि ती सही करायचा हक्क विमानाबरोबर विकत मिळत नाही. सगळे सुटे करून पुन्हा जोडायला मोकळीक, पण नुसत्या मालकीच्या जोरावर ‘ठीक आहे’ म्हणायला बंदी. नियम वेडगळ वाटतो. तो तसा का झाला, हे कळायला शंभर वर्षे मागे जावे लागते.

सुरुवातीला सगळीच विमाने घरची होती. राइट बंधूंचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने घडवले. त्याच्याकडे कसले प्रमाणपत्र असणार? १९२६ च्या कायद्याने अमेरिकेत सरकार या धंद्यात उतरले. विमानाच्या नमुन्याला मंजुरी, मेकॅनिकला परवाना, अशी घडी बसत गेली. या घडीत हौशी माणसाला जागाच उरली नाही. त्यातच १९३०च्या दशकात युरोपात फ्रान्सच्या आंरी मिन्ये याच्या ‘उडत्या पिसवे’ने, म्हणजे कुणालाही बांधता येईल अशा चिमुकल्या विमानाने, आधी वेड लावले आणि मग माणसे मारली. तिथे बंदी आली, आणि हौशी बांधणीकडे संशयाने पाहणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

ओरेगॉन राज्याने मात्र आपल्या हद्दीपुरती घरगुती विमाने उडू दिली. बीव्हर्टन गावाभोवतीच्या या मंडळींना ‘आउटलॉज’, म्हणजे कायद्याबाहेरचे, असेच नाव पडले. त्यांच्यातला जॉर्ज बोगार्डस १९४७ मध्ये ‘लिटल जी बी’ हे आपले विमान घेऊन थेट राजधानी वॉशिंग्टनला गेला. देश आडवा ओलांडून, एका आसनाच्या विमानात. अर्ज-विनंत्या पुष्कळांनी केल्या असतील. याने पुरावाच अंगणात नेऊन उतरवला. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९५२ पर्यंत ‘हौशी बांधणीचे प्रायोगिक विमान’ हा प्रकार नियमांत रीतसर आला. पुढच्याच वर्षी पॉल पोबेरेझ्नीने विस्कॉन्सिनमध्ये हौशींची संघटना, ईएए, स्थापली.

नवा प्रकार एका विचारावर उभा होता. विमानाचा मोठा भाग, अर्ध्याहून जास्त, शिकण्यासाठी किंवा निव्वळ हौसेसाठी बांधलेला हवा. बोलीभाषेत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात तो हाच. शिकणे हा हेतू धरला की देखभालीवर कुलूप लावणे तर्काला धरून नव्हते. शिवाय कारखान्याच्या विमानाची दुरुस्ती मंजूर नमुन्याशी ताडून पाहता येते. इथे नमुना बांधणाऱ्याच्या डोक्यात. म्हणून विमान-नियमांत देखभालीचा जो ४३ वा भाग आहे, त्याच्या पहिल्याच कलमात प्रायोगिक विमानांना वगळले आहे. पळवाटही तिथेच बुजवली आहे: ज्या विमानाला आधी दुसऱ्या प्रकारचे प्रमाणपत्र मिळाले होते, त्याला ही सूट नाही. कारखान्यातून आलेल्या जुन्या सेसना विमानावर ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारून घेतला म्हणून तिचा मेकॅनिक सुटत नाही.

तरी कुणीतरी वर्षातून एकदा नीट पाहायला हवेच. ते बंधन प्रत्येक विमानाबरोबर दिल्या जाणाऱ्या उड्डाण-अटींतून येते. तपासणी ४३ व्या भागाच्याच परिशिष्टातल्या यादीप्रमाणे करायची, पण लिहायचे काय, यात गंमत आहे. ‘उड्डाणयोग्य’ असे लिहायचे नाही, कारण योग्य ठरवायला मंजूर नमुनाच नाही. ‘सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आढळले’ एवढेच लिहायचे. प्रवाशाच्या नजरेसमोरची पाटीही तितकीच सरळ बोलते: हे विमान हौशी बांधणीचे आहे, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही.

ही ओळ परवानाधारक मेकॅनिक लिहू शकतो. १९७९ मध्ये दुसरी सोय झाली: विमानाच्या मुख्य बांधणाऱ्याला ‘रिपेअरमन’ प्रमाणपत्र. ते त्या एकाच विमानापुरते. चौघांनी मिळून बांधले तरी प्रमाणपत्र एकाच्याच नावाने. ज्याने प्रत्येक रिव्हेट ठोकला त्याला त्यातली खोड सगळ्यांत आधी कळणार, हा हिशेब मला तरी पटतो. पण या हिशेबात विमान विकले जाईल तेव्हाचा विचार नव्हता. विकल्यावर ते ज्ञान जुन्या मालकाबरोबर घरी जाते.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १२ ऑक्टोबर १९९७ चा. गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझेड या हौशी बांधणीच्या विमानासह समुद्रात कोसळून गेला. विमान त्याने नुकतेच विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनाच्या टाक्या बदलायचा खटका वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. चौकशी अहवालाने विमानाची अपुरी ओळख, टाकीत कमी इंधन आणि या खटक्याची जागा, तिन्हींकडे बोट दाखवले. खटका हलवण्यात बेकायदा काहीच नव्हते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने हौशी विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मध्ये तपासलेल्या अपघातांतली निम्म्याहून अधिक विमाने सेकंडहँड घेतलेली निघाली.

बदलांना थोडा लगाम मात्र आहे. मोठा बदल केला, समजा वेगळ्याच जातीचा प्रोपेलर बसवला, तर अटींनुसार पुन्हा काही तास चाचणी-उड्डाणे करावी लागतात. रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राची, ट्रान्सपॉन्डरची, दर दोन वर्षांची तपासणी तर अधिकृत दुकानातूनच.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे बदल करायचा तर आधी हौशींच्याच संघटनेच्या अभियांत्रिकी विभागाची मंजुरी लागते. आपल्याकडे हा वाद अजून फार दूर आहे. कांदिवलीच्या चारकोपमधल्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले, आणि नोंदणी हाती पडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला.

अमेरिकेत दुसऱ्या मालकाची अडचण तशी जुनीच. २००४ मध्ये लाइट-स्पोर्ट हा हलक्या विमानांचा नवा प्रकार आला, तेव्हा त्यातल्या प्रायोगिक विमानाचा मालक १६ तासांचा वर्ग करून, विमान स्वतः बांधलेले नसले तरी, त्याच्या वार्षिक तपासणीवर सही करू लागला. हौशी विमानाच्या दुसऱ्या मालकाला ती सवलत २०२५ च्या नियमबदलापर्यंत मिळाली नाही. तोवर रूढ झाला तो मार्ग असा: शनिवारी-रविवारी मालकानेच झाकणे उघडायची, प्लग काढायचे, सगळे पुसून ठेवायचे, आणि ओळखीच्या मेकॅनिकला सहीपुरते हँगरमध्ये बोलवायचे. येणारा शहाणा असेल तर पेन काढण्याआधी टॉर्च काढतो.