सीमाभागातल्या साथी : पहारा बसला कुठे?

बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात पावसाळा लागला की गॅस्ट्रो आणि गणपतीच्या आसपास डेंग्यू, हे आता ठरल्यासारखं झालंय. देवी आणि पटकीचा इतिहास घराघरांत सांगितला जातो, तो इथे बाजूला ठेवू.

१८९६ला मुंबईत आलेला प्लेग पाठोपाठ धारवाड-बेळगावकडे सरकला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा झाला. रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्यांना तपासण्याचा अधिकार त्यातच लिहिलेला. उंदीर-पिसवांचा दुवा १८९८मध्ये मांडला गेला, पण तो पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर तपासणी माणसांची, आणि उंदीर धान्याच्या पोत्यांतून खुशाल पुढच्या गावी. लोक मात्र उंदीर पडू लागले की गाव सोडून शिवारात झोपड्या घालत. कायद्यापेक्षा हे शहाणपण जास्त कामी आलं, असं मला वाटतं.

तेव्हा इथे आजची महाराष्ट्र-कर्नाटक सीमा नव्हती. ती १९५६ला आली. आणि २०२१मध्ये कोरोनाच्या निमित्ताने हायवेवरच्या कर्नाटकच्या कोगनोळी नाक्यावर ती पक्की जाणवली. महाराष्ट्रातून येणाऱ्याने ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल दाखवायचा. पलीकडे रुग्ण वाढत होते, त्यामुळे निर्णय अगदीच निराधार नव्हता. पण निपाणीचा माणूस कामाला कागलला, दवाखान्याला कोल्हापूरला. चंदगडचा पेशंट बेळगावला. रोज ये-जा करणाऱ्याने दर तिसऱ्या दिवशी नाकात काडी घालून घ्यायची का? पुढे लस घेतलेल्यांनाही अहवाल सक्तीचा झाला. हायवेवर रांग आणि शेतातल्या आडवाटा मोकळ्या. वाट ठाऊक असलेला पोचत होता, अडकत होता तो परगावचा.

नाक्यावर एवढा बंदोबस्त असताना नळाकडे कुणी पाहिलं? आपल्याकडच्या बऱ्याच साथी तिथूनच येतात. पाणी काही दिवसांआड सुटतं, मधल्या वेळात पाइप रिकामा पडतो आणि गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढून घेतो. पहिली धार गढूळ येते ती यामुळेच. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडतं, म्हणून टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली एवढ्यावर भागत नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. २०१९च्या महापुरात चिकोडी-अथणी-रायबागकडच्या नदीकाठाला विहिरी, बोअर सगळंच बुडालं, तेव्हा तर पाणी उकळूनच पिणं भाग होतं.

डेंग्यूचं मूळही तेच. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून दारात बॅरल. आठवड्यातून एकदा ते रिकामं करून घासा, असं आशाताई सांगून जातात, कारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पण पुढचं पाणी आल्याशिवाय भरलेलं बॅरल ओतणार कोण? निदान फडकं घट्ट बांधावं.

२००८च्या सुमारास बेळगावच्या मोजक्या वॉर्डांत चोवीस तास पाणी देऊन पाहिलं गेलं. पाइपात दाब कायम राहिला की घाण आत शिरत नाही आणि बॅरलही लागत नाही. उरलेल्या शहरासाठी तीच योजना हाती घ्यायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला.